बाई, माझ्या दुकानात का नाही आणलंत त्यांना?

बाई, घरातला कूलर यंदा अजून घरातच आहे. मे लागला, खाली दुकानात उभं राहायला जागा नाही, परवा एक जण मी सांगेन त्या भावात न्यायला तयार होता. तरी मी तो खाली उतरवला नाही. दुपारी जेवायला वर येते तेव्हा तो रिकाम्या खोलीला वारा घालत असतो. पोरं त्याच्यासमोर बसत नाहीत. मीही बसत नाही. बंद करायचं मात्र सुचत नाही.

मला रडू आलेलं नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी मंडपवाल्याशी घासाघीस केली. खुर्च्या मोजून घेतल्या, ताडपत्री जुनी का पाठवली म्हणून आवाज चढवला. भद्रावतीहून आलेल्या तुमच्या चुलत बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मोठी नणंद घरात निजवलेली आणि हिचा व्यवहार चालू, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मला वळून तुम्हालाच विचारावंसं वाटलं, बरोबर केलं की नाही म्हणून. तुम्ही नक्की म्हणाला असतात, "अजून उतरला असता व तो."

तेव्हापासून असंच चाललं आहे. तोंड चालतं, हात चालतात. पंप बंद पडलेल्या कूलरचा पंखा नुसताच फिरतो आणि पाणी वर चढत नाही, तसं काहीतरी. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. धानोऱ्याचं सासर सुटल्यावर भावाच्या घरी आलात, भावाची पोरं आपली म्हणून वाढवलीत, असं सगळं. मला कोणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तुमच्याशी भांडलेच असते.

कारण माझं एक भांडण तुमच्याकडे राहिलं आहे.

या रस्त्यावर उन्हाळ्यात आपल्या दुकानाइतकी गार जागा दुसरी नाही. दाखवायला म्हणून सकाळपासून चार-पाच कूलर चालू असतात. ज्यांना काही घ्यायचं नाही ती माणसंसुद्धा भाव विचारायच्या निमित्ताने आत शिरतात, वरचं बटण उघडून उभी राहतात आणि अंग निवलं की "पाहून येतो" म्हणून निघतात. मी ओळखते. कधी बोलते, कधी सोडून देते. अख्ख्या चंद्रपूरने माझ्या दुकानात अंग निववलं. फक्त माझी दोन पोरं कळती झाल्यापासून कधी आली नाहीत, कारण तुम्ही ती आणली नाहीत. बँकेत नेलीत, स्टेशनात नेलीत, मॉलमध्ये, साड्यांच्या दुकानात, लेण्यांत नेलीत. माझ्या दुकानात नाही.

परीक्षा संपल्या की तुमचा कार्यक्रम सुरू व्हायचा. वर आपलं पत्र्याचं छप्पर, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. जेवणं झाली की तुम्ही प्रज्ञाच्या दोन वेण्या घालायचात, अंशुलच्या तोंडाला पावडर लावायचात, ऊन लागू नये म्हणून दोघांच्या खिशात एकेक कांदा टाकायचात आणि डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळायचात. लग्नाला निघाल्यासारखी तयारी. शेजारीण गॅलरीतून विचारायची, "कुठी निघाली वरात?"

"गावाले जाऊन राह्यलो."

"कोणत्या गावाले?"

"थंड्या."

बाकीचे लोक सुट्टीत पोरांना बाहेर नेतात. तुम्ही आत न्यायचात. मे महिन्यात लांबलांबची माणसं वाघ बघायला मोहर्लीला उतरतात आणि उघड्या जिप्सीत स्वतःला भाजून घेतात. त्याच वेळी आपली पोरं स्टेशनाच्या उंच छताखाली, पंख्याच्या बरोबर खालच्या बाकावर, पोळी आणि कैरीचा तक्कू खात बसलेली असायची. तिकीट तपासनीसाने एकदा तुम्हाला हटकलं ते अंशुलने घरी येऊन मला नकलेसकट करून दाखवलं होतं.

"कुठे जायचं आहे बाई?"

"गाडीची वाट पाहून राह्यलो साहेब."

"कोणत्या गाडीची?"

"जे आतापर्यंत आली नाई ते."

तो हसला म्हणे आणि निघून गेला. फलाटाचं तिकीट मात्र तुम्ही रोज नेमाने काढायचात. फुकटची हवा तुम्हाला चालायची, फुकटचं स्टेशन नाही. बँकेतसुद्धा तुम्ही उगीच कोणाची रांग अडवली नाहीत. पासबुक छापून घ्यायचात आणि मग ते वाचत बसायचात. त्या पासबुकात वाचण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण पोरांची दुपार त्यात निघायची.

साड्यांच्या दुकानाचं प्रकरण मात्र मी अजून विसरलेले नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे मानपानाची सगळी कापडं एकाच दुकानातून घ्यायची. त्या आशेवर दुकानदार गिऱ्हाइकाला पाहुण्यासारखं सांभाळतो, गादीवर बसवतो, सरबत पाजतो. धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको. तर एका सकाळी तो साडीवाला माझ्या दुकानात आला, हात जोडून. "ताई, बस्ता आपल्याकडेच बांधायचा बरं का. बाईंना महिनाभर माल दाखवून राह्यलो. लग्न कोणाचं ते मात्र त्या सांगत नाहीत."

मी जिना चढले ती ओरडतच.

"बाई, कोणाचं लग्न काढलं तुम्ही?"

"कोणाचंबी असो. तू काऊन एवढी लाल झाली?"

"लोकायले खोटं सांगून त्यायच्या गादीवर बसता? मले याच बाजारात धंदा करा लागते."

"खोटं नाई बोलली. प्रज्ञाचं लग्न होईन का नाई कधी? खोटं नाई बोलली, जराशी लवकर बोलली."

"ते तिसरीत हाय!"

"म्हणून तं. चांगलं कापड पाहून ठेवा लागते."

दाराआडून प्रज्ञा फिसकन हसली, मग मी तिच्यावरही ओरडले. महिनाभर माझी पोरं एसीत त्या पांढऱ्या गादीवर लोळली होती, अंशुल तर लोडाला टेकून झोपायचा म्हणे, आणि त्या माणसाने एकेक साडी उलगडून दाखवली होती. माझ्याकडे असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले असते, तोंडाने. शेवटी त्या वर्षीच्या घरातल्या सगळ्या चादरी, पडदे आणि साड्या मी त्याच्याकडून घेतल्या. भाव करूनच घेतल्या, पण घेतल्या. तुम्ही ते गाठोडं सोडून पाहिलंत आणि म्हणालात, "हे पाह्य, झाला ना बस्ता."

तुमचीही माझ्यावर एक तक्रार होती. घरातला कूलर दर उन्हाळ्यात मी विकायचे. ऐन सीझनमध्ये माल संपतो, कारागिराकडे पत्रा नसतो आणि दारात असा माणूस उभा असतो ज्याला कूलर आजच्या आज पाहिजे. मग वरचा कूलर पुसून खाली यायचा. एकदा तर तुम्ही त्याच्यासमोर निजला होतात. हमालांनी तो टाकीतल्या पाण्यासकट उचलला. "अरे पाणी तं काढू द्या, त्याच्यात पोराच्या नावा हायेत," म्हणत तुम्ही उठलात आणि अंशुलच्या भिजलेल्या कागदी नावा ओंजळीत गोळा केल्यात. मी म्हटलं, आठ दिवसांत दुसरा बसवते. तुम्ही म्हणालात, "तू विक. मी हाय ना पोरायले."

तो टोमणा होता असं मी तेव्हा समजले. अजूनही समजते.

तुम्हाला माहीत होतं मी अशी का आहे. लग्नाआधी डोक्यावर गवताचं गाठोडं घेऊन मी कॉलनीत दारोदार फिरले आहे, लोकांच्या कूलरचं जुनं गवत काढून नवं भरून देत. हातांना काटे टोचायचे आणि बाया दारातूनच भाव पाडायच्या. तिथे मी बोलायला शिकले. पुढे पत्रा कापायला शिकले, मग मोटर बसवायला, मग दुकान. समोर घेणारा उभा असताना माल घरात ठेवणं मला जमत नाही. तुमच्या भावाला खाणीतल्या पाळीच्या कामातून कधी सवड मिळाली नाही आणि मला सीझनमधून. मधल्या दुपारी सगळ्या तुमच्या वाट्याला आल्या. मी त्या तुम्हाला दिल्या नव्हत्या. तुम्ही घेतल्यात.

तुमच्या थंड्या गावाला मी एकदाच आले. बुद्धपौर्णिमा होती. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, आज तरी शटर खाली घे, आणि दर वर्षी पौर्णिमा सीझनमध्येच यायची. त्या वर्षी मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. एसटीने भद्रावतीला गेलो, लेण्यांत शिरलो. डोंगराच्या पोटात सरळ जाणारी ती वाट, शेवटी अंधारात मूर्ती. ऊन दारातच राहिलं. पोरं तिथे घरच्यासारखी वावरत होती, कुठे बोललं की आवाज परत येतो, कुठला दगड जास्त गार, हे मला दाखवत होती. पाया पडून झाल्यावर मी भिंतीला टेकले, एवढंच आठवतं. जाग आली तेव्हा तुम्ही माझ्या आणि वाटेच्या मधे पाय पसरून बसला होतात, जाणाऱ्या-येणाऱ्यांचा धक्का मला लागू नये म्हणून. प्रज्ञा अंशुलच्या कानात सांगत होती, "आईले उठवू नको."

मी उठले आणि तुमच्यावरच चिडले. इतका वेळ झोपू काऊन दिलं, दुकान उघडायचं होतं. बसमध्ये चंद्रपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्ही अंशुलला मांडीवर घेऊन बसलात. त्या झोपेबद्दल तुम्हाला काही सांगायचं राहून गेलं. आता सांगते. चांगली झोप लागली होती. तशी परत लागली नाही.

बाकीचे सगळे मे मी तुम्हाला काउंटरवरून जाताना पाहिलं. सावली आपल्या बाजूला असायची, तरी तुम्ही समोरच्या बाजूने जायचात, उन्हातून. पोरं हात हलवायची. मी एक हात त्यांना हलवायचे आणि दुसऱ्याने गिऱ्हाइकाला थांबवायचे. शेजारचा हार्डवेअरवाला एकदा म्हणाला, "ताई, पोरं तुमची का नणंदेची?" मी हसले. मग वर्षभर त्याच्याकडच्या प्रत्येक नटबोल्टाचा भाव पाडून मागितला. पण राग त्याच्यावर नव्हता.

मार्चमध्ये, थंडी गेली आणि कूलर बाहेर काढायचे दिवस आले तेव्हा, मी तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही जिन्यात बसून चिंच निवडत होतात.

"बाई, यंदा पोरं दुपारी दुकानात बसतीन."

"नाई बसतीन."

"काऊन? मालकीण मी हाय का तुम्ही?"

"तूच हायेस."

"मंग सांगा, माह्या दुकानात काय काटे हायेत?"

तुम्ही चिंचोका काढून बाजूला टाकलात. "सांगीन. तुहा सीझन होऊ दे, मंग सांगीन. आता सांगितलं तं तू सीझनभर भांडशीन."

सीझन सुरू व्हायच्या आत तुम्ही गेलात. ताप अंगावर काढलात आणि मला कळू दिलं नाहीत. मी तेव्हा धानोऱ्याच्या एका ऑर्डरच्या मागे होते. चिंच अजून डब्यात आहे, कोणी हात लावत नाही.

उत्तर मला मिळालं, पण तुमच्याकडून नाही. सुट्ट्या लागल्या, पोरं दिवसभर वर एकटी. मी म्हटलं, चला, आजपासून दुकानात. प्रज्ञा आता सातवीत आहे, माझ्यासारखीच कपाळाला आठी घालते. ती जागची हलली नाही.

"आत्या नाई म्हणे."

"काऊन नाई म्हणे?"

"आम्ही बसलो का तू भाव सोडते."

"कोण म्हणते?"

"आत्या. तू आमच्याकडे पाह्यते अन् सोडून देते. मंग घरी येऊन दिवसभर चिडते. म्हणे, तुमच्या आईनं डोक्यावर गवत वाहून दुकान केलं, तिच्या धंद्यात आपण आड नाई यावं."

मग तिने मला एक किस्सा सांगितला, तुम्ही सांगितला होतात तसा. अंशुल रांगायचा तेव्हाची गोष्ट. तुम्ही दोन्ही पोरांना घेऊन दुकानात बसला होतात. गडचिरोलीकडचं एक जोडपं आलं, कडेवर बाळ, बाळाच्या अंगभर घामोळ्या. अंशुल खुर्चीला धरून उभा राहिला आणि त्या बाळाच्या पोटावर फुंकर मारू लागला. आणि मी म्हणे काही न बोलता त्यांना कूलर ते मागतील त्या भावात देऊन टाकला. त्या दिवसापासून तुम्ही ठरवलंत, पोरं दुकानात आणायची नाहीत.

बाई, हे चूक आहे. मला तो कूलर आठवतो. त्याला मागच्या बाजूने पोचा होता. टेम्पोतून उतरवताना तो आपटला होता. पोचा असलेला माल मी सीझनभर कवटाळून बसत नाही, येईल त्या भावात काढते. यात अंशुलचा काही संबंध नव्हता, त्या बाळाचाही नव्हता. तुम्ही मला त्याच संध्याकाळी विचारलं असतंत तर मी तुम्हाला दाखवून दिलं असतं. एका चुकीच्या समजुतीवर तुम्ही इतकी वर्षं माझी पोरं समोरच्या उन्हातून नेलीत.

आणि समजा तुमचंच बरोबर असलं, तरी माझा धंदा सांभाळायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? भाव सोडला असता तर माझा सोडला असता. पोरं तर दुकानात दिसली असती. हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं, तर समोर प्रज्ञा उभी. मी म्हटलं, "खुर्च्या घ्या अन् खाली या."

दोघं आली. मोठ्या कूलरसमोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकून बसली, पाठ माझ्याकडे करून. मला चेहरे दिसू नयेत अशी. हेही तुम्हीच शिकवलं असणार.

दुपारी मोहर्लीचा एक माणूस आला. सफारीची जिप्सी चालवतो, मानेपर्यंत लाल धूळ. त्याला मधल्या आकाराचा कूलर आवडला. मी भाव सांगितला. त्याने निम्म्यावर मागितला, जसा सगळे मागतात. यापुढे मी काय बोलते ते या रस्त्यावर सगळ्यांना पाठ आहे. एवढ्यात तुमच्या गाडीचं चाक तरी येते का भाऊ, इथून सुरू होतं आणि माणूस घामाघूम होईपर्यंत चालतं. मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. शब्द आठवत होते, पण ते उचलून बाहेर काढायचे तर कशासाठी, हेच कळेना.

"घेऊन जा," मी म्हटलं.

तो थबकला. "काऊन ताई, मोटर गेलेली हाय का याची?"

"नाई."

"मंग?"

"मंग काही नाई. घेऊन जा."

त्याने कूलरच्या मागे जाऊन पाहिलं. टाकीत हात फिरवला, पंख्याला कान लावला. एवढ्या सहज मिळालेल्या वस्तूवर आपल्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. "पाहून येतो," म्हणाला आणि पायरी उतरला.

मी त्याला जाऊ दिलं. बाई, मी पोरांकडे पाहिलं नव्हतं. खरंच सांगते. मी कोणाकडेच पाहिलं नव्हतं.

प्रज्ञा खुर्चीवरून उठली. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं तिने, मग दारात गेली.

"ओ भाऊ! त्या भावात नाई भेटत ते. माह्या आईची तब्येत ठीक नाई, चुकून बोलली."

माणूस वळला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं सांग ना मंग. बरोबर भाव काय हाय?"

"पहिले मोटर पाहा. कॉपरची हाय. भाव मंग विचारा."

"तू कोण व एवढी?"

"मालकीण."

तो हसत परत आत आला. तिने कूलरवर हात ठेवला आणि सुरू झाली. तिचा आवाज माझ्यासारखा नाही, तुमच्यासारखा आहे, खालचा, घाई नसलेला. तो पाच शब्द बोलला की ती एक बोलायची आणि त्याला पुढचं बोलायची वाट पाहायला लावायची. समोर तिचा भाऊ बसला होता, घामाने केस चिकटलेला. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, हसली आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली. भाव जागचा हलला नाही.

मी कूलर आणि अंशुलच्या मधेच उभी होते, हात रिकामे. मागून अंशुल म्हणाला, "आई, सरक ना. हवा अडून राह्यली."

मी सरकले. त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसले.